नवा पाहुणा आधी टबात!

सुट्टी लागली की घरोघरी काचेच्या पेट्या येतात आणि आमच्याकडे पत्रं येतात. या वेळचं पत्र नेरूळच्या सातवीतल्या एका वाचकाचं. त्याचे सहा मासे दोन वर्षं मजेत होते. एका रविवारी बाबांबरोबर जाऊन त्याने दोन काळे मॉली आणले आणि थेट पेटीत सोडले. पाचव्या दिवशी सगळ्यांच्या अंगावर पांढरे ठिपके, आणि दहाव्या दिवशी पेटी रिकामी! तो विचारतो, "दुकानदाराने मुद्दाम आजारी मासे दिले का?" आणि आई म्हणते, आता मासे नकोतच.

दुकानदाराला बोल लावण्याआधी माशाचा प्रवास बघा. आपल्याकडच्या दुकानांतले पुष्कळ मासे चेन्नईजवळच्या कोळत्तूरला किंवा कोलकात्याच्या आसपास वाढवलेले असतात. पिशवीत कोंडून इतका प्रवास, मग घाऊक व्यापाऱ्याची टाकी, मग दुकानाची, मग पुन्हा पिशवी आणि लोकलची गर्दी. दर ठिकाणी नवं पाणी, नवे शेजारी. दमलेला मासा रोगाला लवकर बळी पडतो, आणि रोग अंगात असला तरी सुरुवातीला मासा अगदी ठणठणीत दिसतो.

त्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचं नाव इक. मूळ नाव इक्थिऑफ्थिरिअस मल्टिफिलिस. म्हणताना जीभ अडखळते ना? अर्थ मात्र गमतीचा आहे : पुष्कळ पोरं असलेली माशाची ऊ! खरं तर ही ऊ नाहीच, एका पेशीचा जीव आहे. तो माशाच्या कातडीखाली घुसून तिथंच खातो आणि फुगतो. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे हाच. पोट भरलं की तो गळून पडतो, तळाच्या खड्यांना किंवा वनस्पतींना चिकटतो आणि एकाचे शेकडो होतात. मग ही पिल्लावळ पाण्यात पोहत मासा शोधते. दोनेक दिवसांत मासा सापडला नाही, तर उपाशी मरते.

आता फसगत कुठे होते पाहा. ठिपके गेले की आपण म्हणतो, बरा झाला! पण ते गेलेले नसतात, तळाला उतरलेले असतात. औषधही कातडीखालच्या जिवापर्यंत पोचत नाही. ते लागू पडतं पोहणाऱ्या पिल्लांना. आणि कधी कधी ठिपके अंगावर दिसतच नाहीत, कारण सुरुवात कल्ल्यांत झालेली असते. आपल्या उबदार हवेत हे चक्र साधारण आठवड्याभरात फिरतं. पहिल्या फेरीतले एक-दोन जीव नजरेला पडत नाहीत, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत मात्र ठिपके उठून दिसतात. म्हणून नवा मासा दोन-चार दिवस वेगळा ठेवून भागत नाही. तीन आठवडे हवेत, चार असले तर उत्तम.

क्वारंटाइन हा शब्द 2020 साली घरोघरी पोचला. मुळात तो इटलीतल्या व्हेनिसचा. प्लेगच्या भीतीने जहाजं चाळीस दिवस बंदराबाहेर थांबवत, त्या 'चाळीस'वरून आला. तुमच्या शेजारच्या न्हावा शेवा बंदरातही परदेशातून आलेला वनस्पतींचा माल तपासल्याशिवाय आत सोडत नाहीत. आपण फक्त एक टब वापरायचा!

पंधरा-वीस लिटरचा, साबण न लागलेला टब घ्या. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवा, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जाईल. तळाला खडे नकोत. हवेचा पंप, स्पंजचा फिल्टर आणि लपायला प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा पुरे. स्पंज आधी तीन-चार आठवडे जुन्या पेटीत ठेवलात, तर पाणी साफ ठेवणारे जीवाणू त्यात वस्तीला येतात. वर जाळी बांधा, मासे उडी मारतात! पिशवी न उघडता पंधरा मिनिटं टबात तरंगू द्या. मग मासा जाळीने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये. रोज थोडं खाणं, आणि एक दिवसाआड पाव हिस्सा पाणी बदलायचं. टबाची जाळी आणि मग वेगळे, पेटीचे वेगळे. एका ओल्या जाळीने सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं. आधी पेटीचं काम, मग टबाचं, आणि शेवटी हात साबणाने धुवा.

ठिपके दिसले, मासा खड्यावर अंग घासू लागला किंवा पंख मिटून कोपऱ्यात बसला, तर औषध मोठ्यांनीच द्यायचं. काही औषधं माणसाच्याही अंगाला चांगली नाहीत. हिटरला तर मुळीच हात लावू नका.

दुकानात गेलात की आपल्याला आवडलेला एकच मासा बघू नका, त्याची अख्खी टाकी बघा. एक जरी मेलेला दिसला, तर त्या टाकीतलं काही घ्यायचं नाही, मग मासा कितीही देखणा असो. वनस्पतीसुद्धा आठवडाभर बिनमाशांच्या बादलीत ठेवाव्यात.

नेरूळच्या दोस्ता, तुझी पेटी रिकामी आहे ना? मग खडे गरम पाण्याने धू आणि उन्हात खडखडीत वाळव. पेटीही कोरडी कर. वाळलं की इक टिकत नाही. आईला हे सगळं नीट वाचून दाखव. आणि टब मागताना तो पुन्हा कपड्यांसाठी मिळणार नाही, हेही आत्ताच सांगून टाक!