निळा दगड दिसला, तर हातोडा खाली ठेवा

पुण्याच्या नगर रोडवर वाघोलीच्या आसपास जे पोकलेन चालवतात, पाया खणतात, विहीर काढतात किंवा क्रशरवर दगड टाकतात, त्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. फोडलेल्या काळ्या दगडाच्या पोकळीत गडद निळा, मोरपिसाच्या डोळ्यासारखा ठिपका दिसला, तर दोन मिनिटं मशीन थांबवा. ती शाई नाही, मोरचूदही नाही. ते कॅव्हान्साइट असू शकतं, आणि जगातले त्याचे सगळ्यात देखणे नमुने तुमच्याच गावच्या खाणींतून निघाले आहेत.

हे खनिज पहिल्यांदा सापडलं ते १९६७ साली, अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात. १९७३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन छापून आलं. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन शब्दांची सुरुवातीची अक्षरं जोडून त्याचं नाव ठेवलं. तिथले स्फटिक बारीक आणि थोडे होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीच्या खाणींतून भरघोस नमुने निघू लागले, तेव्हा कुठे जगाला हा निळा रंग नीट बघायला मिळाला.

माझ्या टेबलावर एक तुकडा आहे. तळाशी करडा-काळा खडक, त्यावर फिक्या पीच रंगाच्या स्टिल्बाइटची स्फटिकं, आणि त्यांच्यामध्ये वाटाण्याएवढा निळा गोळा. नुसत्या डोळ्यांना तो मखमली वाटतो. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहिलं की कळतं, तो गोळा म्हणजे एका बिंदूतून चहूकडे फुटलेल्या शेकडो सुया आहेत. प्रत्येक सुईच्या टोकावर उजेड वेगळा चमकतो. हा रंग व्हॅनेडियमचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्यात वायूंच्या बुडबुड्यांच्या आणि तडकलेल्या खडकाच्या पोकळ्या राहिल्या. खनिजं विरघळलेलं गरम पाणी पुढे त्यांतून झिरपलं आणि ही फुलं उमलली. नाशिक-जळगावकडच्या गारगोट्याही अशाच पोकळ्यांत वाढल्या. पण त्यांत हा निळा मिळत नाही, कारण पाण्यात व्हॅनेडियम असावं लागतं.

आता काय करायचं ते सांगतो. निळा गोळा छिन्नीने सुटा करू नका. त्याची कठीणता तीन ते चारच्या आसपास आहे, म्हणजे चाकूच्या पात्याने सहज ओरखडा उठतो, आणि सुया तर बोटाच्या दाबानेही मोडतात. गोळा सुटला की हातात निळा भुगा राहतो. म्हणून भोवतीचा खडक चांगला वितभर सोडून मोठा तुकडा काढा. खाण किंवा प्लॉट दुसऱ्याचा असेल, तर आधी मालकाला विचारा. जुन्या बंद खाणींत पाणी साचलेलं असतं, कडे ढासळलेले असतात. तिथे दगडासाठी उतरू नका, पोरांनाही उतरू देऊ नका. तुकडा धुवायचा तर साध्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धरा. ब्रश नको, आणि फरशी धुवायचं अ‍ॅसिड तर अजिबात नको. सोबतचं कॅल्साइट त्यात फसफसून विरघळतं, स्टिल्बाइटही खराब होतं.

आणि चिठ्ठी. माझं खरं मागणं हेच आहे. तुकडा कुठल्या खाणीतला, गट नंबर कोणता, जमिनीपासून अंदाजे किती फुटांवर मिळाला, तारीख कोणती, एवढं कागदावर लिहून दगडासोबतच ठेवा. मी कॉलेजात असताना एका खाणकामगाराने मला एक फार सुंदर तुकडा दिला होता. मी तो चपलांच्या खोक्यात ठेवला, लिहिलं काहीच नाही. पुढे एका भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांनी तो पाहून पहिलाच प्रश्न केला, ‘कुठल्या खाणीतला?’ मला सांगता आलं नाही. आज त्या भागात इमारती उभ्या आहेत, पुन्हा जाऊन बघायची सोय उरलेली नाही. ही चूक मला अजून लागते. कारण वाघोलीत कॅव्हान्साइटचं एक भावंडही सापडतं, पेंटागोनाइट. दोघांचं रासायनिक सूत्र एकच, पण अणूंची मांडणी निराळी. कुठल्या पोकळीत कोण वाढलं आणि का, हे शोधायचं तर जागेची नोंद लागते. २०२१ साली वाघोली पुणे महापालिकेत आली. शहर सरकत आलं तशी उघडा खडक दिसण्याची जागा कमी होते आहे, म्हणून हे आत्ताच लिहून ठेवायला हवं.

विकत घेणाऱ्यांनाही दोन शब्द. सुटे निळे गोळे स्टिल्बाइटवर डिंकाने चिकटवून विकले जातात. भिंग घेऊन गोळ्याच्या बुडाशी बघा. अस्सल नमुन्यात निळ्या सुया आणि खालची स्फटिकं बहुधा एकमेकांत गुंतलेली असतात. चिकटवलेल्यात फट दिसते किंवा काचेसारखा चकाकणारा थर दिसतो. नोटा तपासायची अतिनील टॉर्च मारली तर बरेच डिंक पांढरट चमकतात. शंका आली तर घेऊ नका. नीलमऐवजी अंगठीत घालायला म्हणून कोणी हे खनिज देत असेल, तर त्याला नमस्कार करून बाहेर पडा. नीलमची कठीणता नऊ आहे. अंगठीतलं कॅव्हान्साइट भांडी घासण्यातच संपेल. ते कपाटात, काचेआड, धूळ आणि उन्हापासून दूर ठेवायचं खनिज आहे.

चांगला नमुना पाहिला नसेल, तर नाशिकजवळ सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे, मुलांना घेऊन जा. एकदा डोळ्यात तो निळा बसला की खाणीत ओळखायला चूक होत नाही. आणि तुमच्या हाती काही लागलंच, तर जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात नेऊन दाखवा, चिठ्ठीसकट.