‘कऱ्हाड’ लिहिताना अडणारी बोटे

‘कऱ्हाड’ हा शब्द मोबाइलवर लिहून पाहावा. साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे ‘ह’ लिहिला, की डोक्यावर रफार चढतो आणि शब्द ‘कर्हाड’ होतो. बरोबर लिहायचे तर खाली टिंब असलेला ‘ऱ’ हवा. अनेक कीबोर्डवर तो दडलेला असतो आणि ‘र’चे बटण दाबून धरल्यावरच मिळतो. धडधाकट बोटांना हा क्षणाचा त्रास आहे. पण कंपवाताने हात थरथरत असेल, तर बटण दाबून धरणेच जमत नाही. दृष्टिहीन व्यक्तीला तर तिथे काही दडले आहे, हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. अंधत्व आणि अल्पदृष्टीबरोबरच सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचा क्षय आणि कंपवातही त्यात येतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दिव्यांगांची संख्या सुमारे २९ लाख ६० हजार होती. सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात चरकात किंवा यंत्रात बोटे गमावणारे असतात. पक्षाघातावर मिरजेत उपचार घेऊन एक हात लुळा झालेल्या अवस्थेत घरी परतणारेही असतात. यातल्या अनेकांना दवाखान्याची वेळ घेणे, पैसे पाठवणे किंवा दिव्यांग ओळखपत्राचा ऑनलाइन अर्ज भरणे यासाठी फोनवर लिहावेच लागते. म्हणजे अपंगत्वाचा दाखला मागण्यासाठीही आधी कीबोर्डशी झुंजावे लागते.

अडचणीचे मूळ बटणांच्या संख्येत आहे. इंग्रजीची २६ अक्षरे तीन ओळींत बसतात. मराठीत स्वर, व्यंजने, काना-मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरे आहेत. सात सेंटीमीटर रुंदीच्या पडद्यावर एका ओळीत ११ बटणे बसवली, तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम सहा मिलिमीटर येतात. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांत स्पर्शाच्या बटणासाठी सुमारे नऊ मिलिमीटर सुचवले आहेत. दृष्टिहीन व्यक्ती टॉकबॅक वापरते, तेव्हा पडद्यावर बोट फिरवत एकेक अक्षर ऐकावे लागते आणि हवे ते ऐकू आले की बोट उचलावे लागते. ‘लक्ष्मी’ या दोन अक्षरी शब्दासाठी ही कसरत सात वेळा होते.

यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘बोलून टाइप करा’. गुगलने २०१७ मध्ये मराठी बोलून लिहिण्याची सोय दिली, तिचा लाखमोलाचा उपयोग झाला, हे नाकारता येत नाही. पण पक्षाघाताने किंवा सेरेब्रल पाल्सीने ज्याची वाणीच अडखळते, त्याचे बोलणे फोनला समजत नाही. एसटी स्टँडवर बँकेचा पिन मोठ्याने सांगता येत नाही. स्त्रीरोग, मूळव्याध किंवा मनाचा आजार यांची लक्षणे भरल्या घरात बोलून डॉक्टरांना कळवता येत नाहीत. गुपचूप लिहिता येणे ही चैन नाही, तो खासगीपणाचा आणि आरोग्याचा प्रश्न आहे. आवाजाची सोय कीबोर्डच्या जोडीला हवी, त्याच्या जागी नव्हे.

उपाय नाहीत असेही नाही. आयआयटी मुंबईत प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड तयार केला. त्यात अक्षरे शाळेत शिकवलेल्या वर्णमालेच्या क्रमाने आहेत. व्यंजनावर बोट ठेवले की भोवती काना, मात्रा, वेलांटी यांचे चक्र उघडते. ही इंग्रजी कीबोर्डची नक्कल नाही, बाराखडीतून सुचलेली रचना आहे. आयफोनवर २०१४ पासून आणि अँड्रॉइडवर २०२० पासून पडद्यावरच सहा टिंबांचे ब्रेल लिहिता येते. हात अजिबात चालत नसेल, तर अक्षरांवरून एकेक करून प्रकाश सरकवून हव्या त्या ठिकाणी एकच बटण दाबण्याची पद्धत आहे. स्टीफन हॉकिंग गालाच्या हालचालीने असेच लिहीत. मात्र या पद्धतीत जितकी अक्षरे जास्त, तितकी वाट जास्त. म्हणून मराठीसाठी पुढचा शब्द अचूक सुचवणारी यंत्रणा अधिक गरजेची ठरते. थरथरत्या हाताला जे सोयीचे, ते दृष्टिहीनाला असेलच असे नाही. त्यामुळे एकच आदर्श कीबोर्ड शोधण्यापेक्षा निवडीला वाव देणे महत्त्वाचे आहे.

कायदाही आता या बाजूने उभा आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचा निकाल दिला. मुद्दा केवायसीचा होता. आम्लहल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींना कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करण्याची अट पाळता येत नव्हती. जे डोळ्यांच्या अटीला लागू, ते बोटांच्या अटीलाही लागू व्हायला हवे.

सातारा-सांगलीत याची सुरुवात करण्याजोगे बरेच काही आहे. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय एकमेकांपासून फार दूर नाहीत. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत दिव्यांगांना केवळ शेवटी चाचणीपुरते न बोलावता पहिल्या आराखड्यापासून सोबत घेता येईल. ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनी दिव्यांगांसाठी राखायच्या पाच टक्के निधीतून टॉकबॅक आणि ब्रेल कीबोर्डचे प्रशिक्षण देता येईल. सरकारी अर्जांत गाव, तालुका, जिल्हा टाइप करायला लावण्याऐवजी यादीतून निवडू दिले, तरी निम्मी दमछाक वाचेल.

पक्षाघाताच्या रुग्णाला पुन्हा चालता यावे म्हणून फिजिओथेरपिस्ट महिनोन्महिने मेहनत घेतात. त्याला स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भाषेत निरोप लिहिता यावा, हेही पुनर्वसनच आहे. ते बोटांवर जितके अवलंबून आहे, त्याहून अधिक कीबोर्ड बनवणाऱ्यांवर आहे.