मुलाखतीतील दुसरा प्रश्न

वाणिज्य शाखेच्या परीक्षा आटोपल्या की बँका, वित्तसंस्था, सनदी लेखापालांची कार्यालये आणि विमा कंपन्या यांच्याकडून मुलाखतीची बोलावणी येऊ लागतात. त्याच सुमारास पालकांचे दूरध्वनीही येऊ लागतात. ‘मुलाला संभाव्य प्रश्न आणि त्यांची उत्तरे काढून द्याल का?’ अशी बहुतेकांची विचारणा असते. शंभर प्रश्नोत्तरांची वही बाजारातही मिळते आणि मुले ती पाठही करतात. बँकेतील सेवेत निवड समितीवर बसण्याची संधी मला अनेकदा मिळाली. तिथे जे पाहिले त्यावरून सांगतो, की पहिल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ सर्वांना येते. निवड होते ती दुसऱ्या प्रश्नावर, आणि तो वहीत नसतो, कारण तो तुमच्याच उत्तरातून निघालेला असतो.

शिरोळ तालुक्यातील एक एम.कॉम. झालेला उमेदवार समितीसमोर आला होता. खेळते भांडवल म्हणजे काय, असे विचारताच ‘चालू मालमत्ता वजा चालू देणी’ असे त्याने खाडकन सांगितले. मग एका सदस्यांनी विचारले, ‘ते उणे असू शकेल का? आणि उणे असेल तर उद्योग आजारी समजावा का?’ तो गप्प झाला. त्याच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय ‘शेती’ असा होता. मी विचारले, ‘ऊस कोणत्या कारखान्याला जातो आणि बिल कधी मिळते?’ यावर तो पाच मिनिटे थांबलाच नाही. पहिली उचल किती मिळाली, दुसरा हप्ता कधी आला, सोसायटीचे पीककर्ज बिलातून कसे कापून घेतात, तोपर्यंत खताच्या दुकानदाराची उधारी कशी सांभाळावी लागते, हे सारे त्याने नेमके सांगितले. खेळत्या भांडवलाचे चक्र त्याला पुरते ठाऊक होते. पाठ केलेल्या व्याख्येचा आणि घरातल्या या व्यवहाराचा काही संबंध आहे, हे मात्र त्याला कोणी दाखवून दिले नव्हते.

तो संबंध इथे सविस्तर पाहू. एखाद्या कारखान्याने हंगामात ५ लाख टन ऊस गाळला आणि तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला ३,००० रुपये द्यायचे ठरले, असे समजा. म्हणजे शेतकऱ्यांचे १५० कोटी रुपये देणे झाले. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत रास्त व किफायतशीर दराने ही रक्कम चुकती करावयाची असते. विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के दराने व्याज देय होते. उतारा ११ टक्के धरला तर ५५ हजार टन साखर तयार होते. पण गाळप चार-साडेचार महिन्यांत संपते आणि साखर मात्र वर्षभर विकली जाते, कारण दरमहा किती विकावयाची याचा कोटा केंद्र सरकार ठरवून देते. पैसे द्यायचे आज आणि यायचे आठ-दहा महिन्यांनी, असा हा प्रकार आहे. मधली खिंड भरून काढण्यासाठी कारखाना गोदामातील साखर बँकेकडे तारण ठेवतो आणि बँक मूल्यांकनाच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत उचल देते. साखरेचा भाव उतरला की मूल्यांकन उतरते, उचल कमी होते आणि शेतकऱ्याचे बिल रखडते. गावात बिल का थकले याची चर्चा होते तेव्हा पतपुरवठा विभागातील अधिकाऱ्यासमोर हेच आकडे असतात.

ही साखळी ज्याला सांगता येते, त्याला दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर सापडते. रोखीने विक्री करणारे आणि पुरवठादारांचे पैसे महिन्या-दीड महिन्याने देणारे मोठे किराणा विक्रेते पाहा. त्यांचे खेळते भांडवल उणे असू शकते आणि त्यात आजारपणाचे काही नाही. ते पुरवठादारांच्या पैशावर व्यवसाय करीत असतात. साखर कारखान्याचे उणे झाले, तर बहुधा अल्प मुदतीचा पैसा यंत्रसामग्रीत किंवा तोटा भरण्यात गेलेला असतो. दोन्हीकडे आकडा उणेच, अर्थ मात्र वेगळा. मुलाखत घेणाऱ्याला तो अर्थ ऐकायचा असतो.

आपल्याकडची कितीतरी मुले दुकान, अडत, यंत्रमाग किंवा शेती असलेल्या घरांतून येतात आणि मुलाखतीत ही गोष्ट झाकून ठेवू पाहतात. कॉर्पोरेट भाषेपुढे वडिलांचे दुकान फिके वाटेल, अशी त्यांना धास्ती असते. माझे मत नेमके उलट आहे. उधारी, घसारा, तारण आणि व्याज ज्या घरात जेवताना बोलली जातात, त्या घरातील मुलाजवळ शहरातील महागड्या संस्थेत शिकलेल्या मुलापेक्षा अधिक साहित्य असते. मुलाखतीपूर्वी दोन दिवस वडिलांच्या शेजारी बसावे आणि त्यांच्याच व्यवसायाचा ताळेबंद कागदावर मांडावा. माल किती दिवस पडून राहतो, पैसे किती दिवसांनी येतात, आपण किती दिवसांनी देतो, हे तीन आकडे काढावेत. वडिलांना प्रारंभी हा पोरखेळ वाटेल, पण तासाभराने तेच खतावणी काढून आणतील.

घरच्या ताळेबंदानंतर एखाद्या नोंदणीकृत कंपनीचा वार्षिक अहवाल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावा. दहा अहवाल चाळण्यापेक्षा एक पुरता वाचणे अधिक फलदायी ठरते. अध्यक्षांचे निवेदन वाचायला हरकत नाही, मात्र मुक्काम लेखापरीक्षकांच्या अहवालात, रोख प्रवाह पत्रकात आणि टिपांमध्ये करावा. नफा वाढतो आहे, पण व्यवसायातून येणारी रोख वाढत नाही, असे दिसल्यास येणी आणि साठा यांच्या टिपा उघडाव्यात. आणि रोख भरपूर दिसत असली, तरी प्रश्न विचारायचा असतोच. ‘सत्यम’चे प्रकरण आजच्या विद्यार्थ्यांच्या बालपणीचे असले, तरी ते अभ्यासल्याशिवाय वित्तक्षेत्रात पाऊल टाकू नये. कंपनीच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून कबुली दिली, की ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदातील ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिल्लकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. त्यावर येणे म्हणून दाखविलेले ३७६ कोटींचे व्याजही काल्पनिकच होते. ‘रोख शिल्लक तपासायची कशी?’ असे कोणी विचारले, तर लेखापरीक्षकाने बँकेकडून परस्पर आणि थेट पुष्टी मिळवावी, कंपनीने पुढे केलेल्या कागदावर विसंबू नये, हे सांगता आले पाहिजे.

तीन पत्रकांचा परस्परसंबंध तपासणारा एक प्रश्न तर जगभर विचारला जातो: घसारा दहा लाखांनी वाढला, तर काय होईल? सोयीसाठी कराचा दर २५ टक्के धरू. करपूर्व नफा दहा लाखांनी घटला, कर अडीच लाखांनी कमी झाला, म्हणजे निव्वळ नफा साडेसात लाखांनी उतरला. रोख प्रवाह पत्रकात साडेसात लाखांच्या घटीपासून आरंभ करून घसाऱ्याचे दहा लाख परत मिळवायचे, कारण ते खिशातून गेलेले नाहीत. म्हणजे रोख अडीच लाखांनी वाढली. ताळेबंदात स्थिर मालमत्ता दहा लाखांनी कमी आणि रोख अडीच लाखांनी जास्त, तर दुसऱ्या बाजूला राखीव निधी साडेसात लाखांनी कमी. दोन्ही बाजू जुळल्या. हे कागदावर पाच-सहा वेळा सोडवावे आणि मग कागद न घेता मोठ्याने सांगावे. इथेही दुसरा प्रश्न येतोच: कंपनी कायद्यातील घसारा आणि आयकरातील घसारा सारखाच असतो का? तो वेगळा असतो, आणि त्या फरकातूनच स्थगित कराची नोंद जन्माला येते.

रिझर्व्ह बँकेविषयी फार लिहीत नाही. पतधोरण समितीचे सदस्य सहा, महागाईचे लक्ष्य ४ टक्के आणि त्यात वर-खाली दोन टक्क्यांची मुभा, एवढे सर्वांना येते. रेपो दर मुलाखतीच्या सकाळी पाहून जावा. विचारतील ते असे: ‘रेपो दर उतरला, तर तुमच्या शेजाऱ्यांच्या गृहकर्जाचा दर लगेच का उतरला नाही?’ व्यापारी बँकांची १ ऑक्टोबर २०१९ नंतरची नवी, तरत्या दराची वैयक्तिक कर्जे बाह्य मानकाला जोडलेली असतात. त्याआधीचे कर्ज जुन्या पद्धतीवर राहिले असेल, तर परिणाम सावकाश होतो. आणि सहकारी बँका किंवा बिगर-बँक वित्तसंस्था यांना तो नियम लागू नाही. म्हणून कर्ज कोणाचे आणि केव्हाचे, हे आधी विचारणारा उमेदवार आम्हांला आवडत असे.

अर्जात लिहिलेली प्रत्येक ओळ म्हणजे स्वतःहून दिलेले प्रश्नाचे निमंत्रण असते. विकत आणलेला प्रकल्प अहवाल दोन मिनिटांत उघडा पडतो. एक्सेलमध्ये ‘प्रावीण्य’ लिहिणाऱ्याला समोर संगणक देऊन कर्जाच्या हप्त्यांचे कोष्टक मांडायला सांगतात. मांडता येत नसेल, तर ‘कामापुरते ज्ञान’ असे लिहिण्यात काहीच कमीपणा नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते. समितीला अस्खलित इंग्रजी हवे असते, असा समज आहे; प्रत्यक्षात समितीला समजेल असे इंग्रजी हवे असते. लहान वाक्ये करावीत. आधी आईला मराठीत समजावून सांगावे, तिला कळले की तेच इंग्रजीत सांगावे. ‘हे मला ठाऊक नाही, परंतु मी अमुक ठिकाणी पाहीन’ असे म्हणण्याची सवय करावी. अंदाजाने ठोकून दिलेल्या उत्तराची किंमत पुढच्या तीन प्रश्नांत चुकवावी लागते.

एका प्रश्नाची तयारी मात्र कोणतीही वही करून देत नाही. ‘मार्च अखेर आली आहे. एका मोठ्या ऋणकोचा हप्ता थकून ९० दिवस होत आले आहेत. वरिष्ठ सांगतात, त्याला दुसऱ्या नावाने नवे कर्ज द्या आणि जुने खाते नियमित करून घ्या. आपण काय कराल?’ हा प्रश्न मी स्वतः बहुतेक प्रत्येक मुलाखतीत विचारीत असे. ‘मी नकार देईन’ एवढेच ताठ उत्तर देणाऱ्याने त्याचा पुरता विचार केलेला नसतो. ‘वरिष्ठ सांगतील तसे करीन’ म्हणणाऱ्याला मी कधीच पसंती दिली नाही. विचार केलेला उमेदवार आधी विचारतो, की ऋणकोची अडचण तात्पुरती आहे की व्यवसायच बसला आहे. अडचण खरी आणि तात्पुरती असेल, तर नियमांनुसार पुनर्रचनेचा प्रस्ताव उघडपणे मांडता येतो, भले त्यासाठी खाते अनुत्पादक दाखवून तरतूद करावी लागो. व्यवसाय बसला असेल, तर नव्या कर्जाने ठेवीदारांचे आणखी पैसे बुडतात. आपले मत तो टिपणीत लेखी नोंदवील. सूचना तोंडी असेल, तर ती लेखी मिळावी अशी नम्रपणे विनंती करील. बावीस वर्षांच्या मुलाकडून ही प्रगल्भता अपेक्षिणे जास्त आहे, असे काही सहकारी म्हणत. पण त्याच मुलाची सही वर्षा-दोन वर्षांत कर्जाच्या कागदावर येणार असते आणि चौकशी सुरू झाली की सर्वांत आधी खालची सही पाहिली जाते. पालकांनी हा प्रश्न एकदा घरी मुलांसमोर अवश्य मांडावा आणि मुलाचे पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय स्वतःचे उत्तर देऊ नये.

मुलाखत संपताना ‘तुम्हांला काही विचारायचे आहे का?’ असे म्हटले जाते, तेव्हा ‘काही नाही, आभारी आहे’ म्हणून उठू नये आणि पहिल्याच भेटीत रजेचे दिवसही विचारू नयेत. पहिल्या सहा महिन्यांत कोणत्या विभागात काम करावे लागेल, टिपणी कोणाकडे जाते, ती तपासून चुका कोण दाखवितो, हे विचारावे. समितीकडून मिळालेले उत्तर बाहेर येताच लिहून ठेवावे. दोन ठिकाणांहून नेमणूकपत्रे आली, तर निवड करताना तेच उपयोगी पडेल.