चुकलेल्या अंदाजांची वही

शुक्रवारची रात्र. गॅसवर चिकनचा रस्सा रटरटतो आहे. जेवणाच्या टेबलावर जाड पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली एक वही उघडी पडली आहे आणि तिच्याभोवती बसलेली पाच माणसं परीक्षेचा पेपर सोडवावा तशा गंभीर चेहऱ्यानं आपापल्या चिठ्ठीवर काहीतरी खरडताहेत. एकानं शेजाऱ्याच्या चिठ्ठीत डोकावून पाहिलं, तर लगेच आरडाओरडा. ‘‘कॉपी चालणार नाही हं!’’

हे दृश्य पुण्या-मुंबईतलं नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्याची राजधानी कोलंबस, तारीख २९ नोव्हेंबर २०२४. माझा मावसभाऊ गेली पंचवीस वर्षं तिथे असतो. रजा काढून मी त्याच्याकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी शनिवार होता आणि शनिवारी कॉलेज फुटबॉलचे सामने होते. कोणता संघ जिंकणार, याची भाकितं त्या चिठ्ठ्यांवर लिहिली जात होती.

वाचकहो, अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. आणि नाव ‘फुट’ असलं तरी तो बहुतेक वेळ हातातच असतो. कॉलेजांमधला पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत झाला. रटगर्सनं प्रिन्स्टनला ६-४ असं हरवलं. आज वरच्या श्रेणीतच एकशेतीसहून जास्त कॉलेजं आहेत. कोलंबसच्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या मैदानात लाखाहून जास्त माणसं बसतात आणि सामन्याच्या दिवशी सगळं गाव लाल-करड्या रंगात न्हाऊन निघतं. क्रिकेटचं वेड पाहिलेल्या मला वाटायचं, वेडेपणात आपला हात कोण धरणार? कोलंबसला गेल्यावर तो गर्व उतरला.

त्यातून तो आठवडा मिशिगनच्या सामन्याचा. या दोन शेजारी राज्यांचं हाडवैर इतकं, की त्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातल्या पाट्यांवरच्या प्रत्येक ‘एम’ अक्षरावर लाल फुली मारतात. का, तर मिशिगनचं आद्याक्षर नको! आमच्या दादाच्या फ्रिजवर तिथल्या मराठी मंडळाचं इंग्रजी पत्रक लावलं होतं, त्यातल्या ‘मराठी’ आणि ‘मंडळ’ या दोन्ही शब्दांच्या सुरुवातीलाही कुणीतरी फुल्या मारल्या होत्या.

‘‘अगं, हा खेळ नाही, हा सण आहे,’’ दादा म्हणाला.

सणाचे मानकरी पाच. दादा, वहिनी, दादाबरोबर काम करणारा एक हैदराबादचा मित्र, शेजारचे एक निवृत्त अमेरिकन शिक्षक, ज्यांना सगळे ‘कोच’ म्हणतात, आणि पाचवा एक पस्तिशीतला नागपूरचा तरुण. त्याच्या परवानगीनं त्याची गोष्ट लिहिते आहे, पण नाव नको. आपण त्याला नागपूरकर म्हणू.

नियम सोपे. दर शुक्रवारी दहा सामने निवडायचे. ज्या निकालाची सर्वांत जास्त खात्री, त्यापुढे १० लिहायचे, त्याहून कमी खात्री त्यापुढे ९, असं करत १ पर्यंत यायचं. भाकीत खरं ठरलं तर तेवढे गुण मिळाले, चुकलं तर शून्य. शनिवारी रात्री वहीत बेरीज होते. ज्याचे गुण सर्वांत कमी, त्यानं पुढच्या शुक्रवारी सगळ्यांना जेवू घालायचं. पैशाचा व्यवहार नाही.

कोच आकडेवारी बघतात. हैदराबादकर हवामानाचा अंदाज बघतो. आणि वहिनी? वहिनींची पद्धत त्यांची त्यांनाच ठाऊक. प्रत्येक संघाचं एक बोधचिन्ह असतं. कुणाचा बुलडॉग, कुणाचं बदक, कुणाचं कासव. ‘‘कासव कधी धावलंय का?’’ म्हणत त्या मेरीलँडच्या नावावर काट मारतात. ५ ऑक्टोबर २०२४ ला अलाबामा विरुद्ध व्हँडरबिल्ट सामना होता. अलाबामा तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर. व्हँडरबिल्टनं १९८४ नंतर त्यांना एकदाही हरवलेलं नव्हतं. वहिनींच्या भाचीला व्हँडरबिल्टमध्ये प्रवेश मिळाला होता, एवढ्या भांडवलावर त्यांनी व्हँडरबिल्टपुढे १० लिहिले! सगळे पोट धरधरून हसले. दुसऱ्या दिवशी व्हँडरबिल्ट ४०-३५ नं जिंकलं. आनंदानं बेभान झालेल्या विद्यार्थ्यांनी मैदानावरचा गोलचा खांब उखडला, नॅशव्हिलच्या रस्त्यांवरून मिरवत नेला आणि कंबरलँड नदीत विसर्जित केला. वहिनी त्या दिवसापासून आकडेवारीवाल्यांकडे जरा वरून बघतात.

असं का होतं? कोचनी मला छान सांगितलं. ‘‘खेळणारी पोरं अठरा ते बावीस वर्षांची. कुणाचं पहिलं प्रेम मोडलेलं असतं, कुणाची परीक्षा तोंडावर आलेली असते. नेहमीच्या हंगामात सामने फक्त बारा. त्यामुळे अंदाज बांधायला हातात फारसं काही नसतंच.’’

मग त्या रात्री मिशिगनच्या सामन्यापुढे पाचही जणांनी काय लिहिलं असेल? ओहायो स्टेट, १० गुण. पाचही चिठ्ठ्यांवर तेच.

वही चाळताना मला एक गोष्ट खटकली. २०२२ च्या पानांवर नागपूरकरचं नाव सतत वर. शंभर भाकितांतली साठ-पासष्ट बरोबर आणणारा पठ्ठ्या. २०२३ च्या पानांवर मात्र त्याचा रकाना अर्धा भरलेला, पुढे पुढे कोराच. मी सहज विचारलं, ‘‘यंदा तू गावाला गेला होतास का रे?’’

क्षणभर कुणी बोललं नाही. मग तोच म्हणाला, ‘‘इथेच होतो ताई. पण नव्हतो.’’

त्याचं असं झालं. अमेरिकेत खेळांवर पैसे लावायला बहुतेक राज्यांत बंदी होती. मे २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यामागचा केंद्राचा कायदा रद्द केला आणि एकेक राज्य दारं उघडू लागलं. ओहायोत १ जानेवारी २०२३ पासून सट्टा कायदेशीर झाला. आता बुकीला शोधत हिंडायला नको. फोन खिशात, बुकी फोनमध्ये. नागपूरकरनं विचार केला, मित्रांमध्ये मी पहिला येतो. मग ही अक्कल वहीत फुकट का घालवायची?

त्याचा हिशेब कुठे चुकला, हे कोचनी मला कागदावर मांडून दाखवलं. आपल्या घरातल्या मुलांनाही दाखवावा असा तो हिशेब आहे.

ओहायो स्टेट आणि मिशिगनमध्ये त्या वर्षी कोण भारी, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मग सट्टा चालणार कसा? म्हणून सट्टेवाले कमजोर संघाला आगाऊ गुण बहाल करतात. त्या शनिवारी मिशिगनच्या पदरात असे सुमारे वीस गुण टाकलेले होते. म्हणजे ओहायो स्टेटवर पैसे लावलेत तर त्यांनी नुसतं जिंकून भागणार नाही, वीसहून जास्त गुणांनी जिंकायला हवं. हे आगाऊ गुण अशा बेतानं ठरवतात की पारडी जवळजवळ सारखी व्हावीत. कोण जिंकेल हे शंभरात पासष्ट वेळा ओळखणारा माणूसही इथे नाणं उडवणाऱ्याच्याच रांगेत येतो. त्यात नेहमीचा भाव असा की ११० डॉलर लावावेत तेव्हा जिंकल्यावर वर १०० मिळतात. म्हणजे शंभरातले किमान त्रेपन्न अंदाज बरोबर आले तरच खिशाला खार लागत नाही. पन्नास बरोबर आले, तर अंदाज निम्मे खरे आणि खिसा मात्र रिकामा.

‘‘पैसे गेले ते गेलेच,’’ वहिनी सांगत होत्या, ‘‘पण हा पोरगा बदलला. आपला संघ चौदा गुणांनी जिंकला, आम्ही घरात नाचतोय, आणि हा कोपऱ्यात चेहरा पाडून बसलेला. का, तर याला पंधरा हवे होते! जिंकल्याचं सुतक मी पहिल्यांदाच पाहिलं.’’

मग तो शुक्रवारी यायचाच बंद झाला. कामाची सबब, डोकेदुखीची सबब. २०२४ च्या सुरुवातीला त्याची बायको एका दुपारी वहिनींकडे आली आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडली. घर घेण्यासाठी दोघांनी साठवलेली रक्कम जवळजवळ संपली होती. तिला ते बँकेच्या कागदावरून कळलं होतं.

दादानं उपदेश केला नाही. कोच आणि तो दोघं नागपूरकरच्या घरी गेले. कोचनी बरोबर वही नेली होती. २०२३ चा कोरा रकाना त्याच्यापुढे धरून ते एवढंच म्हणाले, ‘‘इथे तू चुकला असतास तर फार तर पाच जणांचा स्वयंपाक करावा लागला असता.’’

नागपूरकर मला म्हणाला, ‘‘ताई, वहीत चुकलो की सगळे हसायचे, मीही हसायचो. फोनवर चुकलो की कुणालाच कळायचं नाही. मग ती चूक झाकायला त्याहून मोठा डाव लावायचो. एकट्यानं चुकत गेलो, तेच मला महागात पडलं.’’

ओहायोत अशी सोय आहे की माणूस स्वतःहून आपलं नाव राज्याच्या यादीत घालून स्वतःला सट्ट्यापासून बंद करून घेऊ शकतो. बायकोला शेजारी बसवून त्यानं ते केलं. घराचं स्वप्न काही वर्षं लांबलं. पण २०२४ च्या हंगामात त्याचा रकाना पुन्हा भरू लागला.

आपल्याला हे परकं वाटायला नको. मुंबईतल्या मटक्याची सुरुवातही न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडे लावण्यातूनच झाली होती. आयपीएलच्या काळात फोनवर ‘टीम लावणारी’ मुलं आपण घरोघरी पाहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. कायदा दार लावतो. पण घरातला माणूस शुक्रवारी जेवायला का येत नाही, हे पाहणं घरच्यांच्या आणि मित्रांच्याच हातात असतं.

असो. ३० नोव्हेंबरच्या त्या सामन्याचं काय झालं? मिशिगन १३, ओहायो स्टेट १०! लाखाच्या मैदानात स्मशानशांतता. नंतर मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायचा प्रयत्न केला, हाणामारी झाली, पोलिसांना मिरपुडीचा फवारा मारावा लागला. इकडे घरात पाचही जणांचे दहा-दहा गुण बुडाले होते. पाच मिनिटं कुणी बोलेना. मग वहिनी म्हणाल्या, ‘‘म्हणजे पुढच्या शुक्रवारी सगळ्यांनीच रांधायचं!’’ आणि हशा उसळला. सर्वांत मोठ्यानं नागपूरकर हसला. गंमत म्हणजे तेच हरलेले ओहायो स्टेटवाले पुढे जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय विजेते झाले. घ्या, करा भाकितं!

या भाकितांच्या दुनियेतले भीष्माचार्य म्हणजे ली कोर्सो. दूरदर्शनवर दर शनिवारी सकाळी ते मोठ्या सामन्याचा विजेता सांगायचे, तेही त्या संघाच्या बोधचिन्हाचं भलंमोठं डोकं स्वतःच्या डोक्यावर चढवून. हा प्रकार त्यांनी ५ ऑक्टोबर १९९६ ला सुरू केला, तो याच कोलंबसमध्ये. सव्वाचारशेहून जास्त वेळा त्यांनी अशी डोकी चढवली. त्यातली साधारण दोन तृतीयांश भाकितं खरी ठरली. म्हणजे आयुष्य या खेळात घालवलेला माणूससुद्धा तिनांतून एकदा, साऱ्या देशासमोर, चुकत राहिला. लोकांनी त्यांच्यावर प्रेमच केलं. वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ३० ऑगस्ट २०२५ ला, त्यांनी कोलंबसमध्येच निरोप घेतला. त्या शेवटच्या कार्यक्रमात त्यांनी सांगितलेले सहाच्या सहा विजेते बरोबर आले.

ते सांगायला दादानं मला फोन केला होता. ओहायो स्टेटनं टेक्ससला १४-७ असं हरवलं होतं, त्यामुळे स्वारी खुशीत होती. मागून भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता.

‘‘नागपूरकर कसा आहे?’’ मी विचारलं.

‘‘काय सांगू! टेक्ससपुढे १० लिहून बसला होता. तळाला गेलाय.’’ तेवढ्यात फोन कुणीतरी हिसकावून घेतला.

‘‘ताई, सपशेल आपटलो!’’ नागपूरकरचा आवाज खणखणीत होता. ‘‘येत्या शुक्रवारी सगळे माझ्याकडे. झुणका-भाकर आणि ठेचा. कोचना झेपेल का हो ठेचा?’’