कुत्र्याला शिकवण्याआधी आपण कुणाकडून शिकावे?

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपण म्हणतो. शेपटाचे ते खरे असेल, पण कुत्र्याचे नव्हे. कुत्रे शिकते, चांगले शिकवले तर चांगले, वाईट शिकवले तर वाईट. म्हणून राखणीला पिल्लू आणण्याआधी, शिकवण्याची रीत आपण कुणाकडून घ्यायची, हे ठरवावे.

गावात सल्ल्याला तोटा नसतो. कुणी म्हणतो, मिरची चारा म्हणजे कुत्रे तिखट होईल. कुणी म्हणतो, कान कापा, दिवसभर बांधा, चुकले की काठी घाला. मिरचीने पोट तेवढे बिघडते. कान कापल्याने ऐकू जास्त येत नाही. आणि मार खाल्लेले कुत्रे शूर होत नाही, भित्रे होते. असे कुत्रे चोरावर धावेलच याचा भरवसा नाही; अंगणात खेळणाऱ्या पोराला मात्र चावू शकते.

मग ऐकावे कुणाचे?

पहिला गुरू मेंढपाळ. शेतात मेंढरे बसवायला धनगरांचा वाडा आला, की त्यांची कुत्री बारकाईने पाहा. पिल्लू लहानपणापासून मेंढरांतच वाढते, म्हणून कळप त्याला आपला वाटतो. हीच गोष्ट शास्त्रही सांगते: तीन आठवड्यांपासून सुमारे तीन महिन्यांपर्यंत पिल्लू ज्यांच्यात वावरते, त्यांना ते बुजत नाही. तेव्हा दोन महिन्यांचे होईपर्यंत पिल्लू आईजवळ राहू द्यावे. घरी आणले की कोंबड्या, करडे, मुले, पाहुणे आणि ट्रॅक्टरचा आवाज यांची हळूहळू ओळख करून द्यावी.

दुसरा गुरू पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टर. शांत कुत्रे अचानक अंगावर येऊ लागले तर कान ठणकत असेल, दात दुखत असेल. तिथे शिकवणी नव्हे, औषध हवे.

तिसरा गुरू पुस्तक आणि आता मोबाइल. पण छापले किंवा दाखवले म्हणून ते खरे ठरत नाही. कुत्र्याला दाबात ठेवा, आपण कळपाचे म्होरके व्हा, हा सल्ला अजून फिरतो. बंदिस्त लांडगे पाहून १९४७ साली ही म्होरकेपणाची कल्पना मांडली गेली. डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या पुस्तकाने ती पसरली. पुढे रानातले लांडगे पाहून, कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्ले, असे १९९९ साली मेक यांनीच लिहिले. चूक कळल्यावर जो दुरुस्त करतो, त्याचे ऐकावे. अमेरिकेतील प्राणी-वर्तनाच्या पशुवैद्यांच्या संस्थेनेही २०२१ साली मारापेक्षा बक्षिसाने शिकवावे, असाच सल्ला दिला आहे.

शिकवणारा कुणीही असो, एक परीक्षा घ्यावी. त्याला म्हणावे, तुमचे कुत्रे मोकळे सोडा आणि हाक मारा. अंग सैल सोडून, शेपूट हलवत आले तर तो माणूस जाणता. पोट जमिनीला घासत, शेपूट पायांत घालून आले तर रामराम करून निघावे. शिकवताना पाहू देत नाही, किंवा आठ दिवसांत तयार करून देतो म्हणतो, त्याला पैसे देऊ नयेत.

मग घरी करून पाहावे. ‘ये’ म्हणावे, पिल्लू आले की लगेच भाकरीचा तुकडा द्यावा. दिवसातून तीन-चारदा, पाच-पाच मिनिटे. घरातल्या सर्वांनी शब्द एकच वापरावा. आल्यावर कधीही मारू नये. नाहीतर पुढच्या हाकेला ते येणार नाही. गुरगुरले म्हणूनही मारू नये. गुरगुरणे ही सूचना आहे. ती बंद पाडली तर कुत्रे न सांगता चावते.

पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचून घ्यावी, पुढच्या लसी डॉक्टर सांगतील तेव्हा. कुणाला कुत्रे चावलेच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काही लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. या बाबतीत मात्र दुसऱ्या कुणाचा सल्ला विचारत बसू नये.