पाणी उतरले, होडी चिखलात



धरण भरले की जलपूजनाला पुढाऱ्यांची रीघ लागते. नारळ फुटतो, साडी-चोळी वाहतात, फोटो निघतात. पौषात पाणी उतरले की त्याच काठावर कोणी फिरकत नाही. तिथे उरतात दोघेच. एक जाळे टाकून पोट भरणारा भोई, आणि दुसरा ज्याचे शिवार बुडिताने तोडले तो शेतकरी. कापूस पलीकडे फुटलेला, ज्वारी पलीकडे हुरड्यात आलेली, आणि होडी अलीकडे चिखलात रुतलेली.

हे दुखणे एका गावाचे नाही. मन्याडवरचे बारूळ आणि लिंबोटी, मांजरेवरचे धनेगाव, तेरणेवरचे माकणी, कोणत्याही जलाशयाच्या काठाला जा. होडी लावायची जागा भरल्या पाण्याच्या हिशेबाने ठरलेली असते. पण आपल्याकडे धरण दरवर्षी भरते कुठे? मांजरा धरणाचा एकूण साठा २२४ दशलक्ष घनमीटर, त्यातला ४७ मृत साठा. म्हणजे पेपरात 'साठा शून्य टक्के' छापून येते तेव्हाही तळात पाणी असते आणि त्यावर होडी चालवावी लागते. २०१६ साली तेही आटत गेले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या गाडीची बातमी देशभर गेली. काठावर रुतलेल्या होडीची बातमी कोण देणार?

साधा हिशेब करा. आपली धरणे पसरट. काठाला ५० फुटांत एक फूट उतार धरला, तर पाणी १० फूट खाली गेले की काठ ५०० फूट मागे सरतो. हे ५०० फूट वाळूचे नाहीत, काळ्या गाळाचे आहेत. कॉलेजात आम्ही शिकलो की ही माती पाणी धरून ठेवते, वरून सुकते, भेगाळते. काठावर त्याचा अर्थ एवढाच, की वर पापुद्रा आणि खाली रबडी. भेगा दिसल्या म्हणून माणूस पाय टाकतो आणि मांडीपर्यंत जातो. डोक्यावर कापसाचे गाठोडे घेतलेल्या बाईचे काय होत असेल, ते सांगायला नको.

मी एका कार्यालयात यासाठी अर्ज घेऊन गेलो होतो. उत्तर मिळाले, 'पाणी वर आले की अडचण राहणार नाही.' पावसावर ढकलले की साहेबाचे काम संपते. आपले संपत नाही. म्हणून मागणी करायचीच, पण तोवर जीव सांभाळून होडी सोडायची.

पहिले म्हणजे जुनी गाडीवाट शोधा. बुडितात गेलेल्या गावाचा रस्ता पिढ्यान् पिढ्या बैलगाड्यांनी दाबलेला आहे, तिथे खाली मुरूम लागतो. तो कुठून जात होता हे म्हाताऱ्यांना विचारा. बांबूने टोचून पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नका. रस्ता नसेल तर पऱ्हाट्यांच्या पेंढ्या आडव्या अंथरा आणि होडी त्यावरून लोटा. मात्र पऱ्हाटीवर राहिलेली बोंडे आधी तोडून जाळा, नाहीतर गुलाबी बोंडअळी काठावरच पोसाल.

होडी रिकामी लोटा, तरंगली की मग माल भरा. कापूस हलका, पण त्याची थप्पी उंच आणि वारा तिलाच धरतो. फळी वीतभर तरी पाण्यावर राहिली पाहिजे. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. वारा सुटला तर माल काठावर राहू द्या. कापूस उद्याही नेता येतो.

तिसरी गोष्ट खड्ड्यांची. २०१७ पासून धरणातला गाळ काढून शिवारात टाकण्याची सरकारी योजना आहे. गाळ शेताला चांगलाच. पण यंत्राने केलेला खड्डा पाण्याखाली दिसत नाही. गुडघाभर पाण्यातून होडी ढकलणारा माणूस एका पावलात गळ्यापर्यंत जातो. खड्डा करील त्याने कडेला बांबू रोवून लाल फडके बांधावे, हा गावाने नियम करावा.

आपलीही एक चूक कबूल करू. पाणी मागे सरले की आपण गाळपेरीचा हरभरा थेट पाण्याला भिडवतो आणि भोयाची वाट बंद करतो. मग बांधावर भांडणे होतात. एका होडीपुरती पट्टी सोडल्याने कोणाचे पीक बुडत नाही. तीच पट्टी उद्या आपल्या बायका-पोरांना उपयोगी पडते.

जिल्हा बैठकीत तीन मागण्यांचा ठराव मांडू. जुन्या गाडीवाटेवर पाण्याच्या खालच्या पातळीपर्यंत दगडी उतार बांधावा. आवर्तन सोडण्याची तारीख कालव्याखालच्या गावांबरोबर बुडिताच्या काठावरही दवंडी देऊन सांगावी. प्रत्येक होडीला तरंगणारी जाकिटे द्यावीत.

बैठकीला येताना रडगाणे आणू नका. होडी लावायच्या जागेपासून आज पाणी किती पावलांवर आहे, ते मोजून आणा. गावाचे नाव आणि पावलांचा आकडा, एवढेच. पन्नास गावांचे आकडे एका कागदावर आले, की साहेबाला पावसाकडे बोट दाखवता येणार नाही.