परीक्षेस जाणारा नमुना

दुधाचा कॅन वैशाखाच्या उन्हांत दोन तास उभा राहिला म्हणजे डेअरीवर त्याचें काय होतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. नासलेलें दूध परत येतें आणि नुकसान त्याच दिवशीं कळतें. परंतु माणसाचें अथवा जनावराचें रक्त परीक्षेसाठीं पाठविलें व तें वाटेंत बिघडलें, तर पुष्कळदां तें परत येत नाहीं. त्याचा चुकीचा निकाल कागदावर छापून येतो आणि तो खरा समजून औषध चालू होतें. ह्या दुसऱ्या नुकसानीविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

न्हावरे येथें ग्रामीण रुग्णालय आहे, ही आसपासच्या गांवांची मोठी सोय होय. तथापि खेड्यांतील दवाखान्यांत सर्वच परीक्षा होणें शक्य नाहीं. अवघड परीक्षेचा नमुना पुण्यास जातो. जनावराचा असल्यास तो औंध येथील पशुरोग प्रयोगशाळेकडे जातो. निदान पुण्यास होतें खरें; पण त्याचा खरेखोटेपणा अनेकदां शिरूर-चौफुला रस्त्यावरच ठरून गेलेला असतो.

आमच्या एका सभासदाची हकीकत ह्या बाबतींत बोलकी आहे. त्यांची गाभण गाय सातव्या महिन्यांत गाभडली. पुढें थोड्याच दिवसांत त्यांना स्वतःला उलटसुलट ताप येऊं लागला. गाईच्या सांसर्गिक गर्भपाताचा रोग माणसासही जडतो, हें जाणून गाईचें व मालकाचें असें दोघांचें रक्त काढण्यांत आलें. पुतण्यानें दोन्ही नळ्या एकाच पिशवींत बर्फाच्या खड्यांवर ठेविल्या आणि मोटारसायकलच्या हँडलला ती पिशवी अडकवून तो निघाला. पुण्यास पोंचेपर्यंत बर्फाचें पाणी झालें, चिठ्ठ्या भिजून अक्षरें पुसलीं, व कोणती नळी गाईची आणि कोणती काकांची हें कोणासच सांगतां येईना. प्रयोगशाळेनें नमुने नाकारले, तें योग्यच केलें. पुन्हां रक्त काढून निकाल हातीं येण्यांत आठ दिवस गेले. तेवढ्यांत गोठ्यांतील दुसरी गाय गाभडली. नळ्या कोणी भरून दिल्या हें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. दोष एका माणसाचा नसून रीतीचा आहे.

नमुना बिघडतो म्हणजे काय, हें समजून घेणें शेतकऱ्यास कठीण नाहीं. शरीरांतून काढलेलें रक्त कांहीं काळ जिवंतच असतें. त्यांतील पेशी साखर खात राहतात. साध्या नळींत ठेविल्यास साखर ताशीं सुमारें शेंकडा 5 ते 7 घटते. म्हणून साखरेच्या परीक्षेची नळी वेगळी असते. आपण खतांत मोजतों तें पालाश रक्ताच्या पेशींतही असतें. नळी आदळली, तापली किंवा गोठली म्हणजे पेशी फुटतात, पालाश बाहेर येतें, आणि निरोग्या माणसाच्या कागदावर भलताच आंकडा उमटतो. म्हणजे बर्फ हें सर्वांवरचें औषध नव्हे. रक्ताची नळी बर्फास थेट चिकटूं देऊं नये. मेंदूज्वराच्या रोग्याच्या पाठींतून काढलेलें पाणी जंतूंच्या परीक्षेसाठीं असेल तर तें थंड करूंच नये, कारण थंडीनें त्यांतील कांहीं जंतू मरतात आणि खरा रोग लपतो. उलट विषाणूंच्या परीक्षेचे बहुतेक नमुने 2 ते 8 अंशांत ठेवावे लागतात.

ह्यासाठीं जगभर मान्य झालेली रीत तिहेरी बांधणीची आहे. नमुना प्रथम न गळणाऱ्या, घट्ट बुचाच्या नळींत भरावा. ती नळी दुसऱ्या न गळणाऱ्या डब्यांत ठेवावी. त्यांत इतका कापूस घालावा कीं नळी फुटलीच तर सारें पाणी तो शोषून घेईल. हा डबा तिसऱ्या भक्कम पेटींत बसवावा. गारवा लागत असेल तर बर्फाच्या पिशव्या दुसऱ्या डब्याच्या बाहेर ठेवाव्या. माहितीचा कागद नळीस गुंडाळूं नये. तो दुसऱ्या डब्याबाहेर, निराळ्या पिशवींत असावा. पेटीवर पाठविणाराचें व घेणाराचें नांव, आणि सामान्य रोगनमुन्यांसाठीं ठरलेली ‘यूएन 3373’ ही खूण असावी. द्राक्षाची पेटी मुंबईपर्यंत कशी न्यावी हें ज्यास कळतें, त्यास ह्यांत नवें असें थोडेंच आहे.

कोणी म्हणेल, खेड्यांतल्या तापासाठीं इतका खटाटोप कशाला? त्यास आम्ही बेलसरचें उदाहरण देतों. 2021 च्या जुलैंत पुरंदर तालुक्यांतील ह्या गांवीं तापाची साथ होती. आरंभीं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे पांच नमुने गेले. त्यांतील तीन चिकुनगुन्याचे ठरले. मग संस्थेच्या पथकानें गांवांत येऊन 41 जणांचे नमुने घेतले. त्यांत 25 चिकुनगुन्याचे, 3 डेंग्यूचे, आणि एक झिकाचा निघाला. महाराष्ट्रांत सांपडलेला झिकाचा तो पहिला रोगी. त्या पहिल्या पांच नळ्या वाटेंत सांडल्या असत्या तर तपास किती लांबला असता, ह्याचा विचार वाचकांनींच करावा. जनावरांकडे पाहिलें तर 2006 च्या फेब्रुवारींत नवापूरच्या कोंबड्यांचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेपर्यंत नीट पोंचले, म्हणूनच भारतांतील पहिला पक्षिज्वर ओळखतां आला.

खर्चाची सबब तर आम्हांस मुळींच पटत नाहीं. वळूच्या रेताच्या कांड्या शून्याखालीं 196 अंशांच्या द्रवरूप नत्रांत बुडवून आपल्या गोठ्यापर्यंत येतात, आणि त्या भांड्याचें झांकण वेळींअवेळीं उघडें राहिलें तर आपणच ओरड करितों. उद्यांच्या कालवडीसाठीं जी काळजी घेतली जाते, ती आजच्या आजारी माणसासाठीं कां घेऊं नये?

आमचें म्हणणें थोडकें आहे. प्रत्येक सरकारी दवाखान्यांत व पशुवैद्यकीय दवाखान्यांत अशा पेट्या सदैव तयार असाव्या. नमुना कधीं काढला, कधीं निघाला, कोणीं नेला व कधीं पोंचला ह्याची नोंदवही असावी. नेणारास सांडलेला नमुना कसा आवरावा हें शिकविलेलें असावें. ग्रामपंचायतींनीं व दूधसंस्थांनीं दोन-दोन पेट्यांचा भार उचलल्यास कोणाचेंही कंबरडें मोडणार नाहीं.

शेतकऱ्यानेंही आपली बाजू सांभाळावी. नमुना दुधाच्या किंवा थंड पेयाच्या बाटलींत भरूं नये, गाडीच्या डिकींत उन्हांत ठेवूं नये, भाकरीच्या पिशवींत तर कधींच नेऊं नये. नळीवर नांव व वेळ लिहिल्याशिवाय ती हातीं घेऊं नये. गाभडलेलें वासरूं उघड्या हातानें उचलूं नये. आणि जनावर एकाएकीं मरून नाकातोंडांतून काळसर, न गोठणारें रक्त येत असेल, तर काळपुळीचा संशय धरून तें फाडूं देऊं नये. प्रेत उघडल्यास त्या रोगाचे जंतू बीजरूप धरून जमिनींत वर्षानुवर्षें टिकतात. पशुवैद्यास बोलवावें, कानाच्या शिरेंतील रक्ताचा एक थेंब त्याच्या कांचपट्टीस पुरतो.

आमचे सभासद आतां बरे आहेत, पण त्यांच्या दोन गाईंचें वर्ष वायां गेलें. पेटी घेण्यास त्याहून पुष्कळ कमी लागलें असतें. येत्या ग्रामसभेंत हा विषय कोणी तरी काढावा, इतकीच आमची विनंती आहे.